सातेरीची मापं: काचपट्टीच्या आधीचं काम

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी डोंगरावरच्या आणि खाली कोकणातल्या सातेरी या देशी मधमाशांची मापं घेतली. डोंगरावरची सातेरी मोठी, काळपट. सपाटीवरची लहान, पिवळसर. हा फरक मिलिमीटरमध्ये दाखवायचा होता. पहिल्या खेपेच्या माशा मी पेटीजवळच थेट ७० टक्के अल्कोहोलात टाकल्या. प्रयोगशाळेत पाहिलं तर बहुतेकींची सोंड डोक्याखाली दुमडलेली. ओढायला गेलं की तुटायची. बॉलपेननं लिहिलेल्या चिठ्ठ्यांची शाईही उतरलेली, त्यामुळे कुठली माशी कुठल्या पेटीतली हेच कळेना. अख्खी खेप बाद झाली. त्या माशा फुकट मेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी थर्मासात कढत पाणी नेते. त्यात माशी क्षणात मरते आणि सोंड सरळ बाहेर येते. मगच अल्कोहोल. चिठ्ठी जाड कागदाची, पेन्सिलीनं लिहिलेली, बाटलीच्या आत: पेटी क्रमांक, गाव, उंची, तारीख.

माशा पोळ्यावरच्या घ्या, दारातून ये-जा करणाऱ्या नकोत. फिरून फिरून त्यांच्या पंखांच्या कडा फाटतात, अंगावरची लव झडते. एका वसाहतीतून दहा ते वीस कामकरी पुरतात.

सगळ्यात जास्त वेळ पंखांना द्या. पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. ते आधी सोडवा. मागच्या पंखावरचे हे आकडे मोजायचेही असतात, म्हणून घाई नको. पंख छातीला चिकटतो तिथेच चिमट्यानं धरा. मधे धरला की शीर मोडते. काचपट्टीवर पाण्याचा थेंब घेऊन त्यावर पंख सोडा, तो आपसूक पसरतो. मग टिपकागदाच्या कोपऱ्यानं पाणी टिपून घ्या आणि वर दुसरी काच ठेवा. दरवेळी उजवीच बाजू घ्या, आणि सूक्ष्मदर्शकाचं भिंग बदललं की मोजपट्टी नव्यानं जुळवा.

माशी मेलिफेरा, म्हणजे परदेशातून आणून पाळलेली मधमाशी, तर नाही ना, अशी शंका आली तर मागचा पंख बघा. सातेरीच्या पंखात एक शीर कडेच्या दिशेनं पुढे गेलेली असते, मेलिफेराच्या पंखात ती नसते.

उरलेलं धड टाकू नका, त्याच बाटलीत परत ठेवा. माझ्या एका माशीच्या पंखाची लांबी बाकीच्यांपेक्षा फारच कमी आली होती. बाटली उघडून डावा पंख मोजला तो नेहमीसारखा होता. उजवा कडेला दुमडूनच वाळला होता.