हार्थस्टोनचा ‘वाइल्ड’ प्रकार: जुन्या कार्डांचा डेक कसा उभा करावा

हार्थस्टोन हा ब्लिझार्ड कंपनीचा कार्डांचा ऑनलाइन गेम. तो नव्याने खेळू लागलेल्या बहुतेकांची सुरुवात ‘स्टँडर्ड’ या खेळप्रकारात होते. तिथे चालू वर्षाचे आणि मागच्या वर्षाचे कार्डसंच चालतात, सोबत सगळ्यांना फुकट मिळणारा ‘कोअर’ संच. मार्च-एप्रिलच्या सुमारास गेमचं नवं वर्ष लागलं की सगळ्यात जुने संच बाहेर पडतात आणि जीव टाकून जमवलेला डेक (खेळायला निवडलेल्या ३० कार्डांचा गठ्ठा) एका रात्रीत बाद होतो. वाइल्डमध्ये असं काही होत नाही. २०१४ साली गेम आला तेव्हापासूनची जवळपास सगळी कार्डं तिथे चालतात. सहा महिने गेम उघडला नाही तरी डेक जागेवर असतो. वाइल्ड खेळणाऱ्याला विचारलंत तर पहिलं कारण बहुधा हेच सांगेल. एकदा खर्च केलेली डस्ट, म्हणजे कार्डं बनवायचं गेममधलं चलन, वाया जात नाही.

ही विभागणी ब्लिझार्डने एप्रिल २०१६ मध्ये केली. तोपर्यंत एकच प्रकार होता. तेव्हा स्टँडर्डबाहेर पडले ते ‘नॅक्सरामस’ आणि ‘गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स’ हे दोन संच. आता बाहेर पडलेल्या संचांची रांग इतकी लांब झालीय की नवखा माणूस संग्रहाचं पान उघडतो आणि बावचळतो. म्हणून सगळं एकदम बघायच्या फंदात पडू नका. एक अट निवडा, त्या अटीवर एक डेक बांधा.

आधी प्रकार बदला

खेळायच्या पडद्यावर वरच्या बाजूला प्रकार निवडायचं बटण असतं, तिथे वाइल्ड निवडा. खातं अगदी नवं असेल तर आधी शिकाऊ टप्पे पार करावे लागतात, ते उरकून घ्या. संग्रहात नवा डेक बनवतानाही प्रकार वाइल्डच ठेवा, नाहीतर जुनी कार्डं दिसणारच नाहीत आणि ‘माझी कार्डं गेली कुठे’ म्हणून शोधाशोध सुरू होते. स्टँडर्डचा डेक वाइल्डमध्ये चालतो, उलटं मात्र चालत नाही. दोन्हींची रँक वेगळी असते, त्यामुळे वाइल्डमध्ये दहा डाव हरलात तरी स्टँडर्डच्या रँकला धक्का लागत नाही.

अमेरिका, युरोप आणि आशिया अशा तीन विभागांत संग्रह वेगवेगळा असतो. एकीकडची कार्डं दुसरीकडे नेता येत नाहीत. भारतातून तिन्ही विभाग खेळता येतात आणि खेळ पाळीपाळीचा असल्यामुळे इंटरनेट थोडं संथ असलं तरी निभावतं. एक विभाग धरा आणि तिथेच राहा. वाइल्डसाठी कार्डं वर्षानुवर्षं साठत जाणं महत्त्वाचं असतं.

डस्टचा हिशोब

कार्ड क्राफ्ट करायला, म्हणजे डस्ट देऊन बनवायला, साध्या दर्जाच्याला ४० डस्ट लागते, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लीजंडरीला १६००. तेच कार्ड मोडीत काढलं तर हातात येतात अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४००. म्हणजे एका लीजंडरीसाठी चार लीजंडरी मोडाव्या लागतात. नवं वर्ष लागलं की ‘आता ही काय कामाची’ म्हणून जुनी कार्डं सरसकट मोडणारे नेमके इथे फसतात. वर्षभराने वाइल्डकडे वळले की तीच कार्डं चौपट ते आठपट दाम देऊन परत बनवावी लागतात. मोडायचीच असतील तर दोनपेक्षा जास्त झालेल्या जादा प्रती मोडा. आणि एखादं कार्ड ब्लिझार्डने कमजोर केलं, तर काही दिवस ते मोडल्यावर पूर्ण डस्ट परत मिळते. ती संधी सोडू नका.

कोअर संचाचीही एक खोच आहे. ती कार्डं तुमची नसतात, वापरायला दिलेली असतात. दरवर्षी त्यांची यादी बदलते. एखादं कार्ड यादीतून गेलं आणि त्याची मूळ प्रत तुमच्याकडे नसेल, तर वाइल्डच्या डेकमध्येही त्या जागी भोक पडतं. नव्या वर्षात डेक अचानक ३० ऐवजी २८ पानांचा (म्हणजे कार्डांचा) झाला की कारण बहुतेक वेळा हेच असतं.

अट निवडा

वाइल्डची खरी मजा अट घालणाऱ्या कार्डांत आहे. ‘तुमचा डेक असा असेल तरच’ अशी ती भाषा. स्टँडर्डमध्ये अशी अट पाळणं अवघड जातं, कारण निवडायला कार्डं थोडी. वाइल्डमध्ये संच वाढतील तशी तीच अट सोपी होत जाते. दरवर्षी तुमचा जुना डेक काही न करता थोडा सुधारतो, कारण त्यात बसतील अशी दोन-चार नवी कार्डं आलेली असतात.

‘द विचवूड’ या एप्रिल २०१८ च्या संचात अशी दोन कार्डं आली. गेन ग्रेमेन: डेकमधल्या सगळ्या कार्डांची मॅनातली किंमत सम असेल तर तुमची हीरो पॉवर (तुमच्या हीरोची पाळीत एकदा वापरायची शक्ती) २ ऐवजी १ मॅनाला. मॅना म्हणजे कार्डं खेळायला लागणारं बळ; पहिल्या पाळीत १ मिळतो, मग दर पाळीला एकाने वाढतो. बाकू द मूनईटर: सगळ्या किमती विषम असतील तर हीरो पॉवर सुरुवातीपासून वरच्या दर्जाची. स्टँडर्डमध्ये या दोघांनी इतका उच्छाद मांडला की ब्लिझार्डने एप्रिल २०१९ मध्ये, ठरल्या वेळेच्या वर्षभर आधीच, दोघांना बाहेर काढलं. वाइल्डमध्ये मात्र ते आहेत.

तिसरी अट त्याहून जुनी. नोव्हेंबर २०१५ चा रेनो जॅक्सन: डेकमध्ये एकही कार्ड दोनदा नसेल तर तुमच्या हीरोचं आरोग्य पूर्ण भरून निघतं. पुढे याच अटीवर काझाकस आणि झेफ्रिस आले. रेनोचा डेक खेळायला सगळ्यात रंगतदार, कारण दोन डाव सारखे होत नाहीत. पण खर्चिक. त्यात पाच-सहा लीजंडरी सहज लागतात, म्हणजे सहांचेच ९६०० डस्ट. पहिला डेक म्हणून तो नको.

पहिला डेक गेनचा बांधा, आणि हीरोच्या वर्गांपैकी शमन घ्या.

सम शमन: पहिल्या चार पाळ्या

कणा असा: गेन ग्रेमेन एक, १६०० डस्ट. टोटेम गोलेम दोन, साधं कार्ड, मिळून ८०. थिंग फ्रॉम बिलो दोन, रेअर, २००. ड्रेनाय टोटेमकार्व्हर दोन, रेअर, २००. एकूण २०८०. उरलेली २३ पानं २, ४, ६ किंवा ८ मॅनाची, तुमच्याकडे आहेत त्यांतून भरा. त्यांतली निदान दहा २ मॅनाची असू द्या.

शमनची हीरो पॉवर पटावर एक छोटा टोटेम उभा करते. टोटेम हा मिनियनचाच, म्हणजे पटावर उतरून लढणाऱ्या पात्राचा, एक प्रकार. गेनमुळे ती १ मॅनाला, म्हणजे पहिल्याच पाळीत दाबता येते. डेकमध्ये १ मॅनाचं एकही पान नसून पहिली पाळी रिकामी जात नाही ती यामुळे.

डाव तुम्ही सुरू करताय असं धरा. पहिल्या पाळीत हीरो पॉवर, एक टोटेम झाला. दुसऱ्या पाळीत टोटेम गोलेम, ३ हल्ला आणि ४ आरोग्य. त्याची गणतीही टोटेममध्येच, म्हणजे दोन झाले. गोलेम पुढच्या पाळीचा १ मॅना अडवून ठेवतो, त्यामुळे तिसऱ्या पाळीत हातात २ मॅना उरतात. त्यात २ मॅनाचं दुसरं पान टाका. चौथ्या पाळीत ४ मॅना. आता हातात थिंग फ्रॉम बिलो आहे असं समजा. मूळ किंमत ६, ताकद ५ आणि ५, वर टाँट (समोरच्याला आधी त्याच्यावरच हल्ला करावा लागतो). डावात तुम्ही उभ्या केलेल्या प्रत्येक टोटेममागे त्याची किंमत १ ने उतरते. दोन टोटेम झालेत म्हणून आत्ता ते ४ चं दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो. थांबा. आधी हीरो पॉवर दाबा, १ मॅना. तिसरा टोटेम झाला, थिंग ३ चं झालं. उरलेल्या ३ मॅनात ते बसलं. चार मॅनात टोटेमही आला आणि थिंगही. उलट्या क्रमाने खेळलात तर टोटेमला मॅनाच उरत नाही.

दुसऱ्या क्रमांकाने खेळत असाल तर कॉइन (त्या पाळीपुरता १ जादा मॅना देणारं कार्ड) मिळतं. ते डेकमधलं पान नसल्यामुळे समची अट मोडत नाही. पहिल्या पाळीत कॉइन टाकून गोलेम उतरवा. दुसऱ्या पाळीत अडवलेला मॅना वजा जाऊन १ उरतो, आणि १ मॅनाची हीरो पॉवर तुमच्याकडे आहेच. काही वाया गेलं नाही. इतर शमन डेकांना हे जमत नाही.

सुरुवातीची पानं बदलताना टोटेम गोलेम कधीही परत देऊ नका. ४ आणि त्यावरचं सगळं परत द्या. अपवाद थिंग फ्रॉम बिलोचा: हातात आधीच २ मॅनाचं पान असेल तर एक थिंग ठेवायला हरकत नाही.

नवख्यांचा गोंधळ उडतो तो थिंग आणि टोटेमकार्व्हर यांच्या मोजणीत. थिंग आजवर उभे केलेले टोटेम मोजतं, मेलेले धरून. टोटेमकार्व्हरची ताकदही टोटेमांमागे वाढते, पण तो मात्र त्या क्षणी पटावर जिवंत असतील तेवढेच मोजतो. म्हणून समोरच्याने पट साफ केल्यावर टोटेमकार्व्हर टाकू नका, थिंग टाका. शिवाय पटावर सातच जागा असतात. लहान टोटेमांनी पाच जागा अडवल्या की मोठे मिनियन बाहेर ताटकळतात. तेव्हा टोटेम आधी समोरच्या मिनियनवर आदळून खर्ची घाला. हल्ला शून्य असलेला टोटेम आदळताच येत नाही, हे लक्षात ठेवूनच पट भरा. हीरो पॉवरचे चारही टोटेम एकाच वेळी पटावर असतील तर ती पॉवर दाबलीच जात नाही.

अट कुठे मोडते

डेकमध्ये एक विषम पान चुकून राहिलं तरी गेम तुम्हाला अडवत नाही. डेक वैध असतो, फक्त गेन जागा होत नाही. डाव सुरू होताना गेन पडद्यावर येऊन गेला नाही, तर समजा कुठेतरी चूक आहे. दर वेळी ती चूक तुमचीच असेल असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्लिझार्डने फ्लेमटंग टोटेमची किंमत २ वरून ३ केली आणि तो सम शमनमधून गेला. त्याच दिवशी कोल्ड ब्लड १ वरून २ वर गेलं आणि ‘रोग’ (Rogue) या वर्गाच्या विषम डेकने ते गमावलं. एका मॅनाचा फरक, पण अटीच्या डेकला तो पुरतो. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर डेक उघडून किमतींवर नजर फिरवा, दोन मिनिटांचं काम आहे.

गेन आणि बाकू अट डावाच्या सुरुवातीला एकदाच तपासतात. नंतर एखाद्या कार्डाने हातात विषम पान आणून दिलं तरी बिघडत नाही. रेनोचं २०२३ पर्यंत तसं नव्हतं. तो टाकण्याच्या क्षणी डेकमध्ये उरलेली पानं बघायचा. त्याचा फायदा असा की एखादी जोडी डेकमध्ये ठेवलीत आणि त्यातलं एक पान ओढून झालं असेल, तर रेनो चालायचा. तोटा असा की समोरचा तुमच्या डेकमध्ये पानं घुसवू शकायचा. बॅड लक अल्बट्रॉस मेला की तुमच्या डेकमध्ये एकसारखे दोन अल्बट्रॉस टाकतो, आणि त्यातला एक ओढून होईपर्यंत रेनो नुसता उभा राहायचा. रेनोचे डेक फार झाले की लोक मुद्दाम हा पक्षी बाळगायचे.

सगळं म्हणजे अगदी सगळं नाही

इतकी कार्डं एकत्र आली की कधीतरी दोन अशी भेटतात, ज्यांचा एकमेकांशी विचार कोणी केलेलाच नव्हता. २०२१ चा स्टीलर ऑफ सोल्स ओढलेल्या पानाची किंमत मॅनाऐवजी आरोग्यात घ्यायचा. पण २०१४ चा मॅलगॅनिस पटावर असेल तर हीरोला इजाच होत नाही, म्हणजे ते पान फुकट. परिणाम असा झाला की २०२१ मध्ये स्टीलरवर वाइल्डमध्येच बंदी घालावी लागली. काही महिन्यांनी द डीमन सीड या कार्डाचीही तीच गत झाली. अशा बंद्या क्वचित येतात, आणि आल्या की वाइल्डवाले कुरकुरतात. ते साहजिकच आहे, बंदी नको म्हणूनच तर ते इथे येतात.

लॅडरवर (रँकच्या शिडीवर) उतरताना

रँक ब्राँझपासून डायमंडपर्यंत पाच पट्ट्यांत आहे, प्रत्येकीत १० पायऱ्या, त्यावर लीजंड. १० आणि ५ या पायऱ्यांवर पोचलात की त्या महिन्यात त्याखाली घसरत नाही. नवा डेक किंवा नवं कार्ड करून पाहायचं ते अशा पायरीवर, मधल्या पायरीवर नको.

समोर काय आहे ते लवकर ओळखा. सुरुवातीलाच आरोग्य ३० पेक्षा जास्त दिसलं तर प्रिन्स रेनाथलचा ४० पानांचा डेक आहे, डाव लांबणार. गेन किंवा बाकू झळकला तर अट कळलीच. पहिल्याच पाळीत समुद्री चाचा उतरला आणि त्याच्या मागोमाग पॅचेस डेकमधून उडी मारून आला, तर पाचव्या-सहाव्या पाळीपर्यंत जगायची तयारी करा. अशा डावात मोठी पानं हातात अडकली की खेळ संपला. म्हणूनच २ मॅनाची दहा पानं हवीत.

लांबच्या डेकांविरुद्ध एक पान राखून ठेवा: लोथेब, ५ मॅना. विषम आहे, त्यामुळे सम शमनमध्ये बसत नाही, रेनोत मात्र चपखल बसतो. पुढच्या पाळीत समोरच्याचे सगळे स्पेल (मंत्रांची कार्डं) ५ मॅनाने महागतात. बरेच जण मिळाला की पाचव्या पाळीत टाकून मोकळे होतात. तसं करू नका. समोरचा पानं साठवतोय, हात नऊ-दहा पानांचा झालाय आणि तुमचे दोन-तीन मिनियन पटावर आहेत, अशा वेळी लोथेब उतरवा. त्या एका पाळीत त्याला पट साफ करता येत नाही, आणि तुमच्या मिनियनांना आणखी एक हल्ला मिळतो.