पहिल्यांदा एल्कच्या शिकारीला जाताय? कोलोराडोतला माझा अनुभव

मी एल्क (इथलं मोठं हरीण) मारून आणला हे कळल्यावर इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना ज्यांना जायची इच्छा आहे ते सगळे आधी विचारतात की रायफल कुठली घेतलीस. माझं म्हणणं असं की रायफल नंतर बघा, आधी कागद-पेन घेऊन बसा आणि जनावर जिथे पडेल तिथून गाडीपर्यंत मांस कसं आणणार ते लिहा. बाकीची सगळी तयारी, म्हणजे व्यायाम, बूट, सोबत, कुठे जायचं, किती आत जायचं, ती याच एका उत्तरावरून ठरते.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. मादी साधारण 500 पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलो, आणि मोठा नर 700 च्या आसपास. हाडं काढून टाकली तरी मादीचं सव्वाशे-दीडशे पाउंड मांस निघतं, नराचं 200 च्या पुढेही जातं. आता समजा गाडी 3 मैलांवर आहे आणि तुम्ही एकटे आहात. एका वेळी 50 पाउंड धरले तर तीन खेपा, म्हणजे जनावरापासून धरून 15 मैल चालणं, त्यातले 9 ओझ्यासकट आणि तेही दहा हजार फुटांवर. दोघं असाल तर दोन-दोन खेपांत, 9-9 मैलांत काम होतं. हे गणित मांडल्यावर मी एकटीने जायचा विचार सोडला आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीला धरलं. ती इथल्याच वेस्टर्न स्लोपवर, म्हणजे रॉकीजच्या पश्चिमेकडच्या भागात, वाढलेली, लहानपणापासून वडिलांबरोबर शिकारीला जाणारी. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे आपल्याला घरातून हे शिकवणारं कुणी नसतं, म्हणून पहिल्या वेळी जाणता माणूस सोबत असणं मला सगळ्या सामानापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय सहसा लायसन्स मिळत नाही, तो हिवाळ्यातच करून टाका. टॅग म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा कागदी परवाना, त्याच्या ड्रॉचा (सोडतीचा) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला असतो आणि शिकार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे दिवाळीत जायचं म्हणून दसऱ्याला जागे झालात तर उपयोग नाही. आणि एच-वन-बी वगैरे व्हिसावर असाल तर हे नीट वाचा: फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला एरवी बंदी आहे, मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. पण तुमच्या बाबतीत तो लागू होतो का हे वकिलाला विचारून मगच पुढे जा, यात अंदाजाने चालू नका प्लीज.

पहिल्यांदा मादीचाच टॅग घ्या असं मी सांगेन. नराच्या टॅगवर बऱ्याच युनिट्समध्ये (शिकारीच्या विभागांत) नियम असतो की एका शिंगाला किमान 4 टोकं हवीत किंवा कपाळाजवळचं टोक 5 इंचाचं हवं, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात धडधडत्या छातीने टोकं मोजत बसणं नवख्या माणसाचं काम नाही. मादीचं मांसही जास्त कोवळं लागतं.

आता शरीराची तयारी. इथे आपण सह्याद्रीवाले फसतो. मी कॉलेजात असताना हरिश्चंद्रगड, राजगड, रतनगड सगळं केलेलं, त्यामुळे चालण्याची भीती नव्हती. पण कळसूबाई, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, 1646 मीटर, आणि डेन्व्हर शहरच मुळी 1600 मीटरवर वसलंय. आमचा कॅम्प फ्लॅट टॉप्स नावाच्या डोंगरांच्या बाजूला साधारण दहा हजार फुटांवर होता, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. मी मे महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस पाठीवर ओझं घेऊन चढ-उतार केला. ओझं म्हणून इंडियन स्टोअरमधली कोलमची 20 पाउंडाची पोती वापरली, आधी एक, जुलैत दोन, आणि सप्टेंबरात दोन पोती वर पाण्याचे कॅन. तांदळाचं ओझं मांसासारखंच पिशवीत खाली सरकतं, त्यामुळे पट्टे कसे आवळायचे ते त्यातच शिकले. उतार जास्त करा, गुडघे उतारावर बोलतात. बूट उन्हाळ्यातच घेऊन त्याच ओझ्यासकट पन्नासेक मैल चालून रुळवून घ्या.

आणि उंचीची सवय व्हायला सीझन सुरू व्हायच्या आधी दोन दिवस वर जाऊन राहा. मी रजा वाचवायला एकच दिवस आधी गेले आणि पहिली पूर्ण सकाळ डोकेदुखी आणि मळमळ यात गेली, मैत्रीण म्हणाली की आज पाणी पी आणि कॅम्पजवळच बस, आणि ते बरोबरच होतं.

रायफलचं आता बोलू. कोलोराडोत एल्कसाठी किमान .24 कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात) आणि 85 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लागते, पण बहुतेक लोक त्याच्या बरेच वर असतात. मी .308 वापरली, तांब्याच्या गोळ्यांसह, कारण शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस मी माझ्या मुलांना खाऊ घालणार होते. रेंजवर टेबलावर रायफल टेकवून 100 यार्डांवर झिरो करणं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवणं, ही फक्त सुरुवात. डोंगरात टेबल नसतं. मी वीस उठाबशा काढून, धाप लागलेली असताना, बसून, गुडघ्यावर, बॅगेवर टेकवून सराव केला आणि त्यातून कळलं की 200 यार्डांपर्यंत माझ्या सगळ्या गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत बसतात, पुढे नाही. मग 200 ही माझी हद्द, समोर कितीही मोठा कळप उभा राहिला तरी. जनावराला जखमी करून घालवणं याहून वाईट काही नाही.

सामानात कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको, ओलं झालं की ते थंडीत जीव घेतं. रायफल सीझनला 500 चौरस इंच झगझगीत (फ्लुरोसंट) नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर आणि डोक्यावर तोच रंग, हा कायदा आहे, आणि कॅमोफ्लाजची नक्षी असलेलं ऑरेंज चालत नाही, सलग रंगच हवा. दोन हेडलॅम्प. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, गोठला की गेला. तंबू ठोकताना वर बघा, त्या भागात किडीने मेलेली स्प्रूसची झाडं भरपूर उभी आहेत आणि ती वाऱ्याने पडतात. खायला मी दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू आणि मेतकूट नेलं होतं, गरम पाण्यात इन्स्टंट भात आणि वर मेतकूट-तूप, चौथ्या दिवशी मैत्रीण तिचं फ्रीझ-ड्राइड पाकीट सोडून माझंच खात होती.

सॅटेलाइट मेसेंजर घ्या, भाड्याने का होईना. नवऱ्याला मी नकाशावर कॅम्प, आम्ही फिरणार होतो ती दोन्ही खोरी आणि गाडीची जागा खुणा करून दिली होती आणि ठरवलं होतं की रात्री 9 पर्यंत मेसेज आला नाही तर सकाळी 6 पर्यंत थांब आणि मग त्या काउंटीच्या शेरीफला फोन कर. इथे शोध आणि बचाव शेरीफच्या अखत्यारीत येतो.

आणखी एक गोष्ट, जी मला वाचून समजली नव्हती. वारा. सकाळी ऊन पडेपर्यंत थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, संध्याकाळी परत खाली. दुसऱ्या दिवशी आम्ही खालून वर चढत एका गवताळ पट्टीकडे गेलो, वर सात माद्या चरत होत्या, सगळं छान चाललं होतं आणि साडेनऊच्या सुमारास माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली, म्हणजे वारा फिरला आणि आमचा वास वर पोचला. अर्ध्या मिनिटात सात डोकी वर आणि पट्टी रिकामी. तेव्हापासून खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली, दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून बघायची.

चौथ्या दिवशी पहाटे चारला उठून, अंधारात वरून वळसा घालून गेलो. 8:40 ला 140 यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली, मी बॅगेवर रायफल टेकवून खांद्याच्या जरा मागे नेम धरला. ती चाळीसेक पावलं चालली आणि बसली. अर्धा तास आम्ही हललो नाही, हा नियम पाळा, लगेच धावत गेलात तर जखमी जनावर उठून मैलभर जाऊ शकतं. जवळ गेल्यावर माझे हात थरथरत होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला, नमस्कार केला, आणि खूप रडले. मैत्रीण शेजारी गप्प बसून राहिली. हे होणार हे धरून चला, त्यासाठी वेळ ठेवा, पण फार नाही, कारण मांस तापत असतं.

टॅगवर सही करून तो वेगळा करायचा, मग सोलायला घ्यायचं. आम्ही पोट न फाडता, एका कुशीवरून कातडं सोडवून, पुढची तंगडी, मागची तंगडी, पाठीचा बॅकस्ट्रॅप (कण्यालगतची लांब मांसपट्टी), मग उलटवून दुसरी बाजू, आणि शेवटी बरगडीमागून हात घालून टेंडरलॉइन (कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस) असं काढलं. एवढं सगळं मांस बाहेर आणणं कायद्याने बंधनकारक आहे. मादी असल्याची खूण एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, ते कापायच्या आधीच लक्षात ठेवा. मोठ्या मांडीत हाडाजवळ उष्णता अडकून मांस आंबतं म्हणून हाड काढून कापडी गेम बॅगमध्ये भरून सावलीत फांदीला टांगलं, आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक यार्ड लांब, कारण काळी अस्वलं वासाने येतात. यात चार तास गेले. दोन छोट्या सुऱ्या आणि धार लावायचं काहीतरी न्या, मोठा कोयता नको. हा भाग वाइल्डरनेसमध्ये (कायद्याने राखलेल्या रानात) असल्याने चाकाची गाडीसुद्धा चालत नाही, सगळं पाठीवरच.

पहिली खेप त्याच संध्याकाळी गाडीतल्या कूलरमध्ये टाकून रात्री परत कॅम्पवर, दुसरी सकाळी. दुसऱ्या खेपेला शेवटच्या मैलात मी दर दोनशे पावलांना थांबत होते. घरी वजन केलं, 148 पाउंड.

डोकं टेस्टसाठी द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा हरणवर्गाचा मेंदूचा रोग आहे, तो पहिल्यांदा 1967 मध्ये इथल्याच फोर्ट कॉलिन्सला दिसला. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी पॉझिटिव्ह जनावराचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. आम्ही पाकिटांवर तारीख आणि टॅग नंबर टाकून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत एकाही पाकिटाला हात लावला नाही.

शिजवताना एवढं बघा की एल्कची चरबी थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका आणि तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला. बॅकस्ट्रॅप कुकरला लावू नका, तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून आत गुलाबी असतानाच उतरवा. मांडीचा मात्र खिमा करा, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण, कांदा लाल होईपर्यंत परतलेला आणि सासूबाईंनी पाठवलेला कांदा-लसूण मसाला, आमच्याकडे पहिल्या रात्री पोळ्या दोनदा लाटाव्या लागल्या.