अलिबागकडच्या बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा इतिहास शोधायचाय? मग असं करा

सुरुवात आडनावापासून करा. ही आडनावं गावावरनं पडलीत, किहीमचे केहिमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, शिवाय रोहेकर, पेणकर, चेऊलकर, म्हणजे आडनाव मिळालं की कुठल्या गावात चौकशी करायची ते मिळालंच. गावात "ज्यू कुठे राहायचे" विचारलं तर पोरं गोंधळतात, एखाद्या आजोबांना शनवार तेल्यांची घरं विचारा. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवार त्यांचा धर्माने सुट्टीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून ते नाव.

मग अलिबागजवळच्या नवगावला जा. जहाज फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या असं त्यांच्यात सांगतात ते इथलंच, स्मारकही आहे. नक्की कुठल्या शतकात यावर वाद आहे, त्यात अडकू नका.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, १८४८ चं, १९१० ला पुन्हा बांधलेलं. रेवदंड्याचं बेथ एल त्याच्याही आधीचं, १८४२. आधी विचारून जा, डोकं झाका, शनिवारी कॅमेरा काढू नका.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट कंट्री क्लबसारखे क्लब ज्यूंनी स्वतः काढले (तो १९२० चा) कारण बाकीचे क्लब त्यांना घेत नव्हते, आता अशा क्लबचा इतिहास लिहायला सभासदांच्या याद्या तरी असतात. आपल्याकडे क्लब नाही, वेगळं पडायची तशी वेळही आली नाही, त्यामुळे खरी यादी म्हणजे कबरस्तान, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा. पावसात जाऊ नका, शेवाळ आणि गवतात काही दिसत नाही, थंडीत सकाळी जा, ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात, नाहीतर मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा. तारेचा ब्रश नको, खडू फासू नका, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. मराठी मजकूर वाचता येतोच. हिब्रू वर्ष अक्षरांत असतं (प्रत्येक अक्षराचा आकडा ठरलेला) आणि बरेचदा हजाराचा आकडा गाळलेला असतो, म्हणून ६७० निघालं तर ५६७० धरा, त्यातनं ३७६० वजा करा, १९१० आलं. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, तिथपासून डिसेंबरपर्यंतचा महिना असेल तर ३७६१ वजा. शक दिसला तर ७८ मिळवा.

कागदपत्रांत १८८३ चं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) बघा पण रायगड नावाने शोधू नका, १९८१ पर्यंत जिल्हा कुलाबा होता.

बहुतेक घरं १९४८ नंतर इस्रायलला गेली. तिकडच्या जुन्या माणसांशी मराठीत मस्त बोलता येतं, फक्त शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ फोन नको, आणि वेळेचा हिशोब ठेवा, ते आपल्या अडीच तास मागे असतात, थंडीत साडेतीन.