रस्त्याच्या पलीकडची नोकरी

जर्मनीतल्या आखेनला मास्टर्स करायला येणारी मुलंमुली दर सेमिस्टरला मला मेसेज करतात. ब्लॉक्ड अकाउंट, आरोग्य विमा, अनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ असतं, त्यावर मी लिहीत नाही. मी एकाच गोष्टीवर लिहिणार आहे, जर्मनीच्या परवान्यावर शेजारच्या देशात नोकरी करता येते का यावर, कारण तिच्यापायी माझे पाच महिने गेले आणि हाताशी आलेली चांगली नोकरी गेली.

शिकत असताना मी आखेनशेजारच्या हर्त्सोगनराटला राहायचे. तिथे नॉयश्ट्रासे नावाचा रस्ता आहे. त्याचा एक फुटपाथ जर्मनीत, समोरचा नेदरलँड्समधल्या केर्कराडे गावात. मधे ना चौकी, ना कुंपण. आम्ही दूध अलीकडे घ्यायचो आणि चीज पलीकडे.

खोलीत आम्ही दोघी. दुसरी म्हापशाची. एकच कुकर, सोलकढी तिची, आमटी माझी. तिचे आजोबा पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मले, त्यामुळे तिच्या घरच्यांनी रीतसर नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला. तिला पलीकडच्या एका गोदामात काम मिळालं. गुरुवारी मुलाखत, सोमवारी पहिली शिफ्ट. मी विचारलं, "परवानगी वगैरे काही?" म्हणाली, "काही लागत नाही गं. युरोप आहे हा."

ती खोटं बोलली नव्हती. तिच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. मी मात्र ते स्वतःलाही लावून घेतलं.

पदवीनंतर जर्मनी नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना देते. माझ्या कार्डाबरोबरच्या हिरव्या कागदावर लिहिलं होतं, 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट', म्हणजे कामधंद्याला परवानगी. कार्डाचा नमुनाही सगळ्या युरोपीय संघात एकसारखा. सहाव्या महिन्यात माझ्याकडे दोन ऑफर होत्या, एक जर्मनीतल्या ड्यूरेनची, एक नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टची. मास्ट्रिख्टच्या एचआरने मेलमध्ये विचारलं, युरोपीय संघात काम करायची परवानगी आहे का? मी लिहिलं, हो, आहे. ड्यूरेनला नकार कळवला. रुजू व्हायच्या नऊ दिवस आधी त्यांनी कार्डाची प्रत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफर मागे घेतली. तो मेल मी बसमध्ये वाचला. आई सांगलीहून फोन करत होती आणि मला उचलवत नव्हता.

आता हे सावकाश वाचा, दोनदा वाचा. शेंगेन वेगळं आणि कामाचा हक्क वेगळा. शेंगेनचा करार १९८५ चा, तो युरोपातल्या देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी काढण्यापुरता. जर्मन निवास परवान्यावर तुम्ही दुसऱ्या शेंगेन देशात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरू शकता, राहू शकता. तिथे नोकरी करू शकत नाही. नोकरीसाठी मोकळेपणाने कुठल्याही सदस्य देशात जायचा हक्क युरोपीय संघाच्या नागरिकांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा. १९९३ पासून एकल बाजारपेठ आहे, तिच्यात माल, सेवा, भांडवल आणि माणसं मोकळी फिरतात असं आपण वाचतो. त्यातली 'माणसं' म्हणजे हे नागरिक. ते नागरिकत्व ज्या करारातून आलं, त्यावर ७ फेब्रुवारी १९९२ ला सह्या झाल्या त्या मास्ट्रिख्टमध्येच. ज्या शहरात माझी नोकरी गेली, त्याच शहरात.

शेंगेन आणि एकल बाजारपेठ एकच असं कुणी म्हणालं तर आयर्लंड आठवा. तो बाजारपेठेत आहे, शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, संघात नाही.

आणि राहायचं अलीकडे, कामाला जायचं पलीकडे, हा मधला मार्गही आपल्याला सहज मिळत नाही. भारतीय माणूस जर्मनीत राहून रोज नेदरलँड्समध्ये कामाला जाणार असेल, तर मालकाला त्याच्यासाठी तिथला कामाचा परवाना काढावा लागतो. पलीकडेच राहायला गेलात, तर कंपनी तुम्हाला उच्चकुशल स्थलांतरित म्हणून घेऊ शकते, पण ती डच इमिग्रेशन खात्याची, आयएनडीची, मान्यताप्राप्त स्पॉन्सर असावी लागते. माझी कंपनी नव्हती. आयएनडीची यादी जाहीर असते, बघायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

घाबरू मात्र नका. दारं आहेत. नेदरलँड्स नावाजलेल्या परदेशी विद्यापीठांच्या पदवीधरांना पदवीनंतर तीन वर्षांच्या आत 'झूकयार', म्हणजे नोकरी शोधायचं एक वर्ष देतं, आणि त्या वर्षात कामाला मोकळीक असते. हे मला फार उशिरा कळलं. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपीय संघाचा परवाना, मिळालं की एका देशात बारा महिने काढून दुसऱ्या देशात ब्लू कार्डाच्या कामासाठी जाता येतं. तिथे पोचल्यावर महिन्याच्या आत अर्ज करावाच लागतो. डेन्मार्क आणि आयर्लंड या योजनेत नाहीत. तुमचीच जर्मन कंपनी तुम्हाला कामगिरीवर पलीकडे पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. बेल्जियमच्या एका ठेकेदाराने मोरोक्कन कामगार फ्रान्समधल्या रॅन्सला नेले, फ्रान्सने त्याला दंड केला आणि १९९४ मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रान्सला चूक ठरवलं. 'फान्डर एल्स्ट' म्हणतात तो निकाल हाच.

पुढे आणखी एका जागी पाय घसरतो. जर्मनीत कायमचा परवाना दोन प्रकारचा. 'नीडरलासुंग्सएरलाउबनिस' ब्लू कार्डवाल्यांना बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत मिळतो, म्हणून सगळे तिकडे धावतात. तो फक्त जर्मनीपुरता. दुसऱ्या देशाचं दार किलकिलं करणारा तो 'डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू', साधारण पाच वर्षांनी मिळणारा. त्यावरही दुसऱ्या देशात अर्ज करावा लागतोच.

सल्ला कुणाचा घ्यायचा याबद्दल माझं मत आता ठाम आहे. ज्याचा पासपोर्ट तुमच्यासारखा, त्यालाच विचारा. सीनियर कितीही प्रेमाचा असो, त्याची बायको जर्मन असेल तर त्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. एजंटला एक रुपया देऊ नका. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात बसणाऱ्या बाई तेच फुकट आणि लेखी सांगतात. परदेशी नागरिक कार्यालय उत्तराला तीन आठवडे लावतं, तरी त्या तीन आठवड्यांची वाट बघा.

म्हापशाची मैत्रीण माझ्यापेक्षा जास्त रडली होती. तिची काही चूक नव्हती. नंतर तिनेच माझ्याबरोबर बसून पुढच्या प्रत्येक अर्जासाठी एक मजकूर इंग्रजीत तयार केला. त्याचा अर्थ इथे देते, तुमच्या देशांची नावं घालून वापरा:

"मी भारतीय नागरिक आहे. माझा निवास परवाना जर्मनीने दिलेला आहे. नेदरलँड्समध्ये काम करण्यासाठी मला वेगळी परवानगी लागेल. आपली कंपनी आयएनडीची मान्यताप्राप्त स्पॉन्सर आहे का, कृपया लेखी कळवावे."

उत्तर हातात येईपर्यंत अलीकडच्या ऑफरला नकार कळवू नका.