कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकायचंय? पातळी कानाने ठरवा

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात एक ठरलेला सल्ला मिळतो: ‘सिनेमे बघ, कानावर पडत राहिलं की येईल आपोआप.’ आपोआप येत नाही. मी दोन वर्षं खालच्या ओळी वाचत सिनेमे बघितले आणि माझं फक्त वाचन सुधारलं. मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, चार सत्रं ईएसएलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचे इंग्रजीचे) वर्ग केले. आता दर ऑगस्ट-जानेवारीत ओळखीतल्या कुणा ना कुणाबरोबर नावनोंदणीला बसते. सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी, आपली पातळी ठरवताना, अडते, म्हणून या लेखात त्या टप्प्यावर जास्त लिहिलं आहे.

१. व्हिसा बघा

एच-४ आणि एल-२ वर (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचे व्हिसा) असाल तर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना तर नाहीच. एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) २०१५ पासून अर्धवेळ शिकता येतं. एफ-१ वर, म्हणजे स्वतःच्या विद्यार्थी व्हिसावर, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रौढशिक्षणाच्या वर्गात बसता येत नाही. आईवडील बी-२ वर भेटीला आले असतील तर त्यांचं नाव अभ्यासक्रमाला घालू नका. ‘कोण बघतंय’ असं सांगणारे लोक पुढच्या वेळी विमानतळावर तुमच्याबरोबर नसतात.

२. आधी नॉनक्रेडिट

ईएसएल बहुतेक ठिकाणी दोन प्रकारे शिकवतात: क्रेडिट (कॉलेजचे श्रेयांक मिळतात) आणि नॉनक्रेडिट (ते मिळत नाहीत). क्रेडिटच्या वर्गाचे गुण तुमच्या कॉलेजच्या नोंदीत कायमचे जातात, नॉनक्रेडिटचे बहुधा तसे जात नाहीत. कॅलिफोर्नियात नॉनक्रेडिट वर्गाला शिक्षणशुल्क नाही. क्रेडिटला तिथल्या रहिवाशांना एका युनिटचे (एका श्रेयांकाचे) ४६ डॉलर पडतात, आणि रहिवासी धरलं गेलं नाही तर त्याच्या कित्येक पट. इतर राज्यांचे दर वेगळे आहेत, पण माझं मत सगळीकडे तेच आहे: पहिलं सत्र नॉनक्रेडिट. एक वर्ग खाली उतरावं लागलं तरी त्यात काही बिघडत नाही.

भारतातल्या पदवीचं मूल्यांकन आधी करून घ्या असं कुणी सांगेल. ईएसएलच्या वर्गासाठी त्याची गरज नाही. ते पैसे पुढे पदवीची क्रेडिट मिळवायची वेळ येईल तेव्हासाठी ठेवा.

३. पातळी ठरवणं

इथे माझं एक अख्खं सत्र वाया गेलं.

नॉनक्रेडिटचे बरेच वर्ग २०१४ च्या केंद्रीय कायद्याखाली मिळणाऱ्या पैशावर चालतात. त्या व्यवस्थेत इंग्रजीच्या सहा पायऱ्या आहेत, अक्षरओळखीपासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’पर्यंत. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे चाचणीने ठरतं. कॅसास नावाच्या चाचणीत वाचनाची आणि ऐकण्याची परीक्षा वेगवेगळी असते. बेस्ट प्लसमध्ये समोर बसून तोंडी बोलावं लागतं. क्रेडिटकडे अ‍ॅक्युप्लेसर ईएसएल नावाची चाचणी असते, आणि तिच्यातही वाचन, वाक्यरचना, ऐकणं असे निरनिराळे भाग आहेत. कुठल्या कॉलेजात यातलं काय आणि किती घेतील ते त्या त्या कॉलेजवर असतं.

माझी फक्त वाचनाची घेतली. मराठी माध्यमातून दहावी आणि त्यानंतर बी.कॉम. केलेल्या मला कर्मणी प्रयोग, अप्रत्यक्ष कथन, रिकाम्या जागा हे सगळं पाठ होतं. गुण उत्तम पडले आणि मला वरून दुसऱ्या वर्गात बसवलं. पहिल्याच तासाला बाईंनी काय गृहपाठ दिला ते मला कळलं नाही. माझ्या शेजारी एक ब्राझीलची मुलगी होती. तिला लिहिताना साधा भूतकाळ जमत नव्हता, पण ती बाईंशी घडाघडा बोलत होती. मी सोळा आठवडे गप्प बसून नीटनेटके गृहपाठ लिहिले. सत्र संपल्यावरही फोन वाजला की मी तो नवऱ्याच्या हातात देत होते.

आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाचं इंग्रजी डोळ्यात असतं. कानात आणि तोंडात ते त्याच्या कितीतरी मागे असतं, आणि लेखी चाचणीला फक्त डोळा दिसतो. म्हणून चाचणीच्या आधी घरी एवढं करा. सार्वजनिक रेडिओवरची दोन माणसांची एखादी मुलाखत घ्या. दोन मिनिटं, एकदाच, शब्द समोर न ठेवता ऐका. मग काय ऐकलं ते घरातल्या कुणाला मराठीत सांगा. मराठीतच सांगा, म्हणजे बोलण्याची अडचण मध्ये येत नाही आणि कान किती चालतो ते नेमकं कळतं. कोण बोलत होतं, कशाबद्दल, आणि कुणाचं म्हणणं काय, हे तिन्ही सांगता आलं तर वरचा वर्ग घ्या. विषय कळला पण म्हणणं निसटलं, तर मधला. सुटे शब्दच हाती लागले तर खालून सुरुवात करा, मग पदवी कुठलीही असो.

त्यानंतर समुपदेशकाला सरळ सांगा: माझं वाचन माझ्या ऐकण्याच्या फार पुढे आहे, माझी तोंडी चाचणी घ्या. मागितली तर बहुतेक ठिकाणी घेतात, निदान पाच मिनिटं बोलून तरी बघतात. तिथे ‘आय अ‍ॅम ग्रॅज्युएट’ने सुरुवात करू नका. ते ऐकलं की समोरचा माणूस मनातल्या मनात तुम्हाला एक वर्ग वर नेऊन बसवतो.

कॅलिफोर्नियात २०१७ च्या असेंब्ली बिल ७०५ या राज्याच्या कायद्यानंतर अनेक कॉलेजांत क्रेडिट ईएसएलची पातळी विद्यार्थ्याने स्वतःच निवडायची असते. नमुने वाचायला देतात, काही प्रश्न विचारतात, आणि निवड तुमची. पद्धत चांगली आहे, पण आपल्या माणसांचा तिथे घात होतो, कारण आपण नमुने वाचतो, सगळे कळतात, आणि सगळ्यात वरच्या वर्गावर खूण करतो.

शक्य असेल तिथे सगळ्यात उत्तम उपाय हा: कॉलेजात वाचन-लेखनाचा आणि श्रवण-संभाषणाचा वर्ग वेगळा असेल तर दोन्ही वेगवेगळ्या पातळीवर घ्या. लेखनात वर बसा, संभाषणात खाली. त्यात कमीपणा काही नाही. मी दुसऱ्या सत्रात हेच केलं, आणि तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आपणहून हात वर केला. चुकीच्या वर्गात पडलाच असाल तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना भेटून वर्ग बदलून घ्या. ‘बघू, जमेल हळूहळू’ म्हणत थांबलात की वर्ग भरतात आणि मुदत निघून जाते.

४. वर्गात काय मागायचं

व्याकरण मागू नका, ते तुमच्याकडे आहे. जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते विचारा. मराठीत आपण शब्दातलं प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एक अक्षर ताणलं जातं आणि बाकीची पुसट होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. म्हणून अमेरिकन माणसाचा ‘फोटोग्राफर’ आपल्या कानाला ‘फटाग्रफर’सारखा लागतो. आपण सगळी अक्षरं ठणठणीत म्हणतो आणि समोरच्याला शब्द सापडत नाही.

यात सगळ्यात महाग पडतो तो ‘कॅन’. मी दातांच्या दवाखान्यात फोनवर सांगितलं, ‘आय कॅन कम ऑन ट्यूजडे.’ मंगळवारी गेले तर माझी वेळ दुसऱ्याला दिलेली. फोन घेणारी बाई म्हणाली, तुम्हीच नाही म्हणालात, आणि ती खोटं बोलत नव्हती. होकारी वाक्यात अमेरिकन माणूस ‘कॅन’ गिळतो, ‘आय कन् कम’ म्हणतो आणि जोर ‘कम’वर देतो. नकारी वाक्यात तो ‘कॅन्ट’ पुरता उच्चारतो, पण शेवटचा ट जेमतेम ऐकू येतो. त्यामुळे मी ठासून म्हटलेला ‘कॅन’ तिला नकार वाटला. हा फरक माझ्या तिसऱ्या सत्रातल्या बाईंनी फळ्यावर रेघा ओढून समजावला. रोज दहा होकारी आणि दहा नकारी वाक्यं मोठ्याने म्हणा, महिन्याभरात फरक पडतो.

दुसरी गोष्ट फक्त आपल्याला सोपी आहे. जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला इंग्रजीत क आणि ट श्वास सोडून म्हणतात. आपण ‘टेन’ लिहितो, पण तो उच्चार ‘ठेन’च्या जवळचा आहे. ‘की’ हा ‘खी’च्या जवळचा. आपण कोरडा ट म्हटला की त्यांना ड ऐकू येतो, आणि कोरडा प म्हटला की ब. स्पॅनिश बोलणाऱ्यांना हा श्वास मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याकडे ख आणि ठ आयते आहेत, ते वापरा. मात्र स च्या मागून आलेला ट कोरडाच ठेवा: ‘स्टॉप’मध्ये ठ नाही.

व च्या दोन जाती आरशासमोर शिका. ‘वेस्ट’ला ओठ गोल, ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर.

५. वर्गाबाहेर

मराठी-हिंदी बोलणाऱ्यांच्या शेजारी बसू नका, डबा खाताना भेटा. शिकवणी केंद्र नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना बहुधा मोफत असतं, आठवड्यातून एकदा जा. शिक्षकांच्या भेटीच्या वेळात एकच प्रश्न घेऊन जा. घरचे फोन स्वतः घ्या.

६. क्रेडिटकडे जाताना

इथे लेखन महत्त्वाचं होतं आणि ‘अ’, ‘द’ कुठे लावायचे हा प्रश्न डोकं वर काढतो, कारण मराठीत तसलं काही नाही. नियमांची यादी पाठ करू नका. आपल्या निबंधातल्या प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि दोनच प्रश्न विचारा: ही वस्तू मोजता येते का, आणि कुठली ते वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे का?

पुढच्या सत्राची नावनोंदणी चालू सत्र संपायच्या आधीच उघडते, तारीख लिहून ठेवा. सुरुवातीला ऐकलेला रेडिओचा दोन मिनिटांचा तुकडाही जपून ठेवा. नोंदणीच्या आदल्या दिवशी तो, आणि त्याच कार्यक्रमातला एक नवा तुकडा, एकेकदा ऐकून पुन्हा मराठीत सांगा. नव्यातही कुणाचं म्हणणं काय ते सांगता आलं तर संभाषणाचा वरचा वर्ग घ्या. फक्त जुनाच जमला, तर लेखनात पुढे जा आणि संभाषणाचा आहे तोच वर्ग पुन्हा घ्या.