पांढरा थर म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट असे समजू नका : धातूच्या इम्प्लांटवरील कॅल्शियम फॉस्फेट लेपातील या चुका टाळा

टायटॅनियमच्या पट्टीवर पांढरा थर जमला की अनेक विद्यार्थी नोंदवहीत ‘हायड्रॉक्सीअपॅटाइट (हाडातील मुख्य खनिजासारखे कॅल्शियम फॉस्फेट) मिळाले’ असे लिहून मोकळे होतात आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या ज्या महाविद्यालयांत प्लाझ्मा फवारणीचे (अतितप्त वायूच्या झोतातून भुकटी वितळवून फवारण्याचे) यंत्र नाही, तिथेही कॅल्शियम नायट्रेट, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि साधा पॉवर सप्लाय एवढ्या सामग्रीवर विद्युत पद्धतीने लेप देता येतो. मात्र खोलीच्या तापमानाला अशा आम्लधर्मी द्रावणातून आधी बसते ते बहुधा ब्रुशाइट, म्हणजे स्फटिकात पाणी असलेले दुसरे कॅल्शियम फॉस्फेट. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण 1 असते, तर हायड्रॉक्सीअपॅटाइटमध्ये ते 1.67 असते. ब्रुशाइटची ठळक खूण एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत, 11.7 अंशांच्या कोनाजवळ दिसते, पण मोजणी 20 अंशांपासून सुरू केली तर ती खूण आलेखात येतच नाही. म्हणून मोजणी 5 किंवा 10 अंशांपासूनच सुरू करावी. केवळ इडीएसच्या (मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीच्या) गुणोत्तरावरही विसंबू नये, कारण दोन-तीन वेगवेगळ्या फॉस्फेटांच्या मिश्रणाची सरासरीसुद्धा 1.67 येऊ शकते. ब्रुशाइट निघाले, तर तो लेप सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य आणि गरम द्रावणात ठेवून त्याचे हायड्रॉक्सीअपॅटाइटमध्ये रूपांतर करता येते. हे न करता नमुना ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घातल्यास ब्रुशाइटमधील पाणी निघून जाऊन मोनेटाइट हे निर्जल फॉस्फेट तयार होऊ शकते आणि लेपाला तडे जाण्याचा धोका असतो.

लेपात गोल छिद्रे दिसत असतील किंवा तो पापुद्र्यांनी सुटत असेल, तर दोष बहुधा विद्युतप्रवाहाचा असतो. कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर, पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होते, त्यामुळे पृष्ठभागालगतचा पीएच वाढतो आणि तिथे फॉस्फेट बसते. परंतु त्याच क्रियेत हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि नुकताच बसलेला थर उचलून टाकतात. घाईने प्रवाह वाढवणे ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रवाह कमी ठेवावा, शक्य असल्यास थांबून-थांबून द्यावा. द्रावणात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास वायू न होता हायड्रॉक्साइड मिळते.

मराठवाड्यात पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असू शकतात, आणि मॅग्नेशियम अपॅटाइटच्या स्फटिकवाढीला अडथळा आणते. पट्टी घासून, अॅसिटोनने स्वच्छ करून शेवटी नळाखाली धरली, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. अखेरचे धुणे विआयनीकृत (विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या) पाण्यानेच करावे.

कृत्रिम शरीरद्रव, म्हणजे रक्तद्रवासारखे क्षार असलेले एसबीएफ हे द्रावण, वापरणाऱ्यांनी रसायने घालण्याचा क्रम बदलू नये. द्रावण गढूळ झाले, तर ते गाळून वापरण्याऐवजी टाकून द्यावे, कारण त्यातील कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच खाली बसलेले असते. स्वच्छ एसबीएफ चरे नसलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात आणि शीतकपाटात ठेवावे. प्रयोगाचे तापमान 36.5 अंश असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खोलीच जिथे 40 अंशांवर तापते, तिथे नुसता तापवणारा इनक्युबेटर पुरत नाही. थंड करण्याची सोय असलेला लागतो. वीज गेल्याची वेळही नोंदवून ठेवावी.

चिकटपणाची चाचणी शेवटी घाईत उरकली जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण रुग्णाच्या हाडात सुटलेला कण हा प्रयोगशाळेतल्या वाईट आकड्यापेक्षा कितीतरी गंभीर असतो. सेलोटेप ओढून पाहणे ही फक्त प्राथमिक पारख आहे. प्रमाणित ताण-चाचणीत लेपावर इपॉक्सीने दांडा चिकटवून तो खेचतात. पण लेप पातळ आणि सच्छिद्र असेल, तर इपॉक्सी त्यातून झिरपून थेट धातूला धरते आणि आकडा खोटाच मोठा येतो. त्यामुळे चाचणीनंतर तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि फाटणे लेपात झाले, धातूलगत झाले की गोंदात, हे आकड्याशेजारीच लिहावे.