पोर जेवत नाही, वजन उतरत नाही: खाण्यातल्या या चुका टाळा

मूल जेवत नाही, कुठली पावडर देऊ? वजन उतरत नाही, कुठल्या बिया खाऊ? विचारणारी माणसं बदलतात, पण दर वेळी त्यांना आहारात काहीतरी वाढवायचंच असतं. खाण्याच्या बऱ्याच तक्रारींत मात्र पेल्यात किंवा ताटात आधीच जास्त झालेलं काहीतरी काढावं लागतं. हा सल्ला कुणाला रुचत नाही, कारण काढून टाकलेल्या गोष्टीचा डबा विकत मिळत नाही.

दुधानंच पोट भरणं

ही चूक सगळ्यात जास्त मायेनं केली जाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

दोन वर्षांच्या मुलाचं नेहमीचं चित्र असं. उठल्याउठल्या बाटलीभर दूध, साधारण २५० मिली. दहाच्या सुमारास "सकाळपासून काही खाल्लं नाही" म्हणून दुसरी बाटली, दुपारी झोपताना तिसरी, रात्री चौथी. झालं एक लिटर. लिटरभर पूर्ण सायीच्या दुधातून सहाशेच्या वर कॅलरी मिळतात आणि या वयाची दिवसभराची गरज हजाराच्या आसपास असते. म्हणजे निम्म्याहून जास्त भूक दुधानंच भागली. जेवणाच्या वेळी ते तोंड फिरवणार नाही तर काय करणार? घरात मात्र त्याच्यावर "काही खात नाही" असा शिक्का बसतो. मग घास घेऊन मागे धावायचं, मोबाइलवर गाणी लावायची, तासभर झुंजून चार घास भरवायचे. रात्री धास्तीनं दुधात चॉकलेटी पावडर पडते. ती गोड असल्यामुळे दूध आणखी आवडू लागतं आणि जेवण आणखी मागे पडतं.

खरं नुकसान होतं ते लोहाचं. लिटरभर गाईच्या दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि या वयाला रोज ७ ते ८ मिलिग्रॅम लागतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणातही अडथळा आणतात. काही महिन्यांत मूल फिकट दिसू लागतं, चिडचिड करतं, लवकर थकतं. काही मुलं माती, खडू किंवा बर्फ खायला लागतात. जोडीला मलावरोध. वजन बऱ्याचदा छान असतं, त्यामुळे गुटगुटीत मुलाच्या बाबतीत कुणाला शंकाही येत नाही. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघतं. लोह कमी झालं की भूकही मंदावते, आणि घरचे पुन्हा बाटलीकडे वळतात.

याची सुरुवात बहुधा पहिल्या वाढदिवसानंतर होते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं, तर दुसऱ्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणारच. तो आजार नव्हे. पण घरचे घाबरतात आणि बाटली पुढे करतात.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त पहिले चार-पाच दिवस कान बंद ठेवावे लागतात. बाटली बंद, दूध पेल्यातून. दिवसाला ४०० ते ५०० मिली, दोन वेळांत आणि जेवणानंतर, जेवणाआधी कधीच नाही. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. जेवण अर्ध्या तासात संपवायचं, ताटात उरलं तरी उचलायचं. काय आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलानं. डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या रोज हव्यात, सोबत लिंबू, संत्रं किंवा टोमॅटो, म्हणजे क जीवनसत्त्वामुळे त्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. मांस खाणाऱ्या घरांत लोहाचा प्रश्न लवकर सुटतो. पहिल्या दिवशी मूल रडेल, दुसऱ्या दिवशी जास्त रडेल. नेमकी इथेच माणसं माघार घेतात आणि "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणून मोकळी होतात. दोन दिवसांत कुठलीच सवय सुटत नसते.

लोहाचं औषध मुलाच्या वजनावरून डॉक्टर ठरवतात, शेजारच्या मुलाची बाटली चालत नाही. ते दुधासोबत देऊ नका. शी काळी होते, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी ते साधारण दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते तिसऱ्याच आठवड्यात बंद झालेलं असतं. औषधाची बाटली मात्र मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. लोहाच्या जास्त मात्रेनं लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

मुलांच्या बाकीच्या चुका

वर्षाच्या आत मध चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो, आणि "एक थेंब तर आहे" हे त्यावर उत्तर नाही.

फळाचा रस म्हणजे फळ नव्हे. चोथा गेला, साखर उरली. वर्षाच्या आत रस अजिबात नको. एक ते तीन वर्षांत दिलाच तर १२० मिलीच्या आत.

अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. द्राक्ष उभं चिरा. आडव्या चकत्या गोलच राहतात आणि गोल तुकडाच घशात बसतो.

नवी भाजी दोनदा थुंकली म्हणून ती "आवडत नाही" असं ठरवू नका. कित्येक मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चव घ्यावी लागते. चमचाभर वाढा आणि गप्प बसा. "भाजी संपव, मग चॉकलेट" हा सौदा तर नकोच. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मूल त्यातून शिकतं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला साय काढलेलं दूध आणि बिनतेलाचं जेवण देणारे पालकही भेटतात. मोठ्यांचं डाएट बाळावर लादू नका. मेंदूच्या वाढीला स्निग्ध पदार्थ लागतात.

आठ दिवसांत तीन किलो

आता मोठ्यांकडे. आठ दिवस नुसतं सूप आणि काकडी, आणि काट्यावर तीन किलो कमी. फोटो निघतो, सगळ्यांना सांगून होतं. पुढच्या पंधरवड्यात सगळं परत येतं आणि दोष "मंद चयापचया"ला जातो.

त्या तीन किलोंत चरबी किती? यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरानं साठवलेली साखर) असतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. उपासमार केली की हा साठा आधी रिकामा होतो, म्हणजे दीड-दोन किलो नुसता साठा आणि पाणी. आतडी रिकामी झाल्यानं आणखी थोडं उतरतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे सगळं परत भरतं. किलोभर चरबी जाळायला अंदाजे ७७०० कॅलरींची तूट लागते. रोज ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलो जाईल, आणि तोच खरा वेग. याहून फार घाई केली की चरबीसोबत स्नायूही जातात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत, साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो.

काही घालण्याआधी पेल्यातली साखर काढा. ३३० मिली कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. दिवसात चार कप चहा किंवा कॉफी, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आणखी तीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरी खाणाऱ्यानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, शक्यतो २५ च्या आत. रस आणि मध याच हिशेबात येतात. एकदम बिनसाखरेचं जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिनाभरात जीभ बदलते. प्रत्येक जेवणात डाळ, अंडी, दही किंवा मासे यांतलं काहीतरी ठेवा, म्हणजे स्नायू टिकतात आणि भूकही लवकर लागत नाही. वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी. रोज काट्यावर चढणाऱ्याला फक्त पाण्याचा चढउतार दिसतो.

दिवसभर उपाशी राहून रात्री दहाला ताट भरून घेणं हा याच घाईचा धाकटा भाऊ. त्यावर लगेच आडवं झालं की आम्ल घशाशी येतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत.

उरलेल्या चुका

चहा-कॉफी जेवणासोबत नको. त्यातले टॅनिनसारखे घटक धान्य-भाज्यांतलं लोह अडवतात. तासाभराचं अंतर ठेवा.

"उद्यापासून भरपूर चोथा (फायबर)" म्हणत एका दिवसात १० ग्रॅमवरून ३० वर उडी मारली की पोट फुगतं. दर आठवड्याला पाच ग्रॅम वाढवा, पाणीही वाढवा.

मांस, मासे, अंडी, दूध हे सगळंच सोडणाऱ्यांनी बी१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून "मला तर काही झालं नाही" हे पहिल्या वर्षी सगळेच सांगतात. हातापायाला मुंग्या येईपर्यंत थांबलात तर मज्जातंतूंची इजा कायमची राहू शकते.

मिठाचा हिशेब करताना फक्त मिठाची बरणी बघू नका. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर पुरे, आणि त्यातलं बरंचसं पाकिटं, लोणची, सॉस यांतूनच पोटात जातं. वेष्टनावर मीठ नसतं, सोडियम असतं, म्हणून आकडा लहान वाटतो. त्याला अडीचनं गुणा: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, ते आधी वाचा.